थंड नळीची पहिली गोळी

शिकारीच्या रायफलबद्दल बोलणे निघाले की कोणीतरी एक कागद दाखवतो. त्यावर तीन भोके एकमेकांना चिकटलेली असतात, आणि त्या भोकांमधले अंतर हीच रायफलची लायकी, असे गृहीत धरून पुढचे सारे बोलणे चालते. त्या कागदाविषयी मला आदर आहे, कारण तो सहजासहजी मिळत नाही. तरीही तो हातात आला की मी एकच प्रश्न विचारतो: या तिघांतली पहिली गोळी कोणती? बहुतेकांना ते सांगता येत नाही. कित्येकदा असेही कळते की या तिघांच्या आधी आणखी एक-दोन गोळ्या झाडल्या होत्या, नळी तापावी म्हणून किंवा हात बसावा म्हणून, आणि त्या हिशेबात धरलेल्याच नाहीत. जे हत्यार शिकारीसाठी बनवले आहे, त्याच्या बाबतीत ही वगळलेली गोळीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

रानात उभ्या असलेल्या जनावरावर झाडलेली पहिली गोळी ही बहुधा शांतपणे, नेम धरून झाडता आलेली एकमेव गोळी असते. दुसरी झाडण्याची वेळ आलीच, तर तोवर जनावर धावू लागलेले असते, झाडीत शिरलेले असते किंवा जखमी झालेले असते. मध्यम आकाराच्या हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसे मिळून सुमारे १५ ते २० सेंटिमीटर व्यासाची जागा व्यापतात. गोळी त्या जागेत बसली तर जनावर थोडे अंतर धावते आणि काही सेकंदांत कोसळते. तीच गोळी वीत-दीड वीत मागे, पोटात बसली, तर मरण यायला कित्येक तास लागू शकतात, आणि ते बहुतेक वेळा माणसाच्या नजरेआड, दूर कुठेतरी येते. या दोन मरणांमधला फरक ज्याला पोहोचतो, त्याला पहिल्या गोळीचा प्रश्न केवळ तांत्रिक वाटणार नाही. नॉर्वेमध्ये मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी दरवर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. १०० मीटरवरच्या रेनडियरच्या आकृतीवर पाच गोळ्या झाडायच्या आणि पाचही ३० सेंटिमीटरच्या वर्तुळात बसवायच्या, असे तिचे स्वरूप आहे. कागदावर नेम धरणाऱ्यांना हे वर्तुळ फार मोठे वाटते. मला त्या परीक्षेतली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते: तिथे पाचही गोळ्या मोजल्या जातात, आणि त्यांत पहिली असतेच.

तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा झुबका, काय सांगतो, हे नीट पाहिले पाहिजे. कोणत्याही रायफलच्या गोळ्या एका केंद्राभोवती विखुरतात. हा फैलाव आडवा आणि उभा सारखाच आहे असे मानले, तर एका दिशेतल्या प्रमाण विचलनाच्या (फैलाव मोजण्याच्या सांख्यिकी मापाच्या) तुलनेत तीन गोळ्यांच्या ग्रुपमधले सर्वांत मोठे अंतर सरासरी २.४ पट, पाच गोळ्यांचे सुमारे ३.१ पट आणि दहा गोळ्यांचे ३.८ पट येते. म्हणजे तीन गोळ्यांत सरासरी ३ सेंटिमीटरचा ग्रुप देणारी रायफल, तिच्यात किंवा नेमबाजात काहीही न बिघडता, दहा गोळ्यांत पावणेपाच सेंटिमीटरपर्यंत पसरते. छोटा ग्रुप हा बऱ्याच अंशी कमी गोळ्यांचा परिणाम असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ग्रुपचा आकार त्याच्या केंद्राविषयी काहीच सांगत नाही. आज दुपारी ज्या बिंदूभोवती गोळ्या जमल्या, त्याच बिंदूभोवती त्या महिन्याभराने, पहाटेच्या गारठ्यात, प्रवासातून उतरवलेल्या रायफलमधून जमतील का, याचे उत्तर त्या कागदावर नसते. शिकाऱ्याला तर तेवढेच उत्तर हवे असते.

नेमबाजांत एक तक्रार सर्रास ऐकू येते: माझ्या रायफलची पहिली गोळी भरकटते, पुढच्या सगळ्या नीट एका जागी जातात. या वाक्याची मांडणीच मला उलटी वाटते. थंड नळी म्हणजे अशी नळी, जिच्या सर्व भागांचे तापमान भोवतालच्या हवेइतके आहे. ही अवस्था दररोज, कोणत्याही खटाटोपाशिवाय, पुन्हा मिळते. तापलेली नळी मात्र कधीच दोनदा सारखी नसते, कारण दोन गोळ्यांमध्ये किती वेळ गेला, वारा कसा होता, ऊन कोणत्या बाजूने पडत होते, यांवर तिची अवस्था ठरते. पोलाद एका अंश सेल्सिअसने तापले की दर मीटरमागे साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढते. ही वाढ नगण्य वाटेल. पण २० मिलिमीटर जाड आणि ६० सेंटिमीटर लांब नळीची एक बाजू दुसरीपेक्षा अवघ्या एका अंशाने जास्त तापली, तर नळी किंचित वाकते आणि तिच्या तोंडाची दिशा जवळजवळ सव्वा मिनिटाने ढळते. इथे मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, आणि १०० मीटरवर त्याचे माप २९ मिलिमीटर भरते. एका अंशाच्या फरकाने साडेतीन सेंटिमीटर! नळीचे छिद्र मध्यापासून केसभर सरकलेले असेल तर एका बाजूची भिंत पातळ राहते आणि ती आधी तापते. खालच्या बाजूला दस्त्याचे, म्हणजे नळी ज्यात बसवलेली असते त्या पकडीच्या भागाचे, लाकूड असते, ते उष्णता अडवून धरते. घडवताना नळी ठोकून सरळ केलेली असेल, तर त्या ठोकण्याचे ताण धातूत उरतात आणि तापल्यावर मोकळे होऊ पाहतात. शिकारीची नळी वजन वाचवण्यासाठी पातळ ठेवलेली असते, त्यामुळे हे सारे तिच्यात तिसऱ्या-चौथ्या गोळीपासूनच दिसू लागते.

म्हणून पहिली गोळी वेगळीकडे गेली, तर पुष्कळदा भरकटलेल्या असतात त्या नंतरच्या गोळ्या, आणि रायफलवरची नेमाची दुर्बीण त्यांच्यावरच जुळवलेली असते. उपाय कंटाळवाणा आहे, पण आहे. एक गोळी झाडावी, बोल्ट (काडतूस आत सारणारा मागचा दांडा) उघडा ठेवावा, रायफल सावलीत उभी करावी, आणि नळी हाताला पूर्ण गार लागेपर्यंत दुसरी गोळी भरू नये. अशा गार नळीतून सुटलेल्या गोळ्यांच्या मध्यावर दुर्बीण जुळवावी. एका सकाळी त्यात फार थोड्या गोळ्या झाडून होतात, आणि शेजारच्या बाकावरच्या माणसाला आपण काहीच करत नाही असे वाटते. माझ्या मते शिकारीच्या रायफलवर खर्च केलेल्या वेळांत याहून सत्कारणी लागलेला वेळ दुसरा नाही.

नळी थंड असण्याबरोबर ती स्वच्छ आहे की मळलेली, हाही प्रश्न येतो, आणि लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. साफ करून आतून तेल लावून ठेवलेल्या नळीतून सुटलेली पहिली गोळी तेलाचा थर पुढे ढकलत जाते. तिला होणारे घर्षण वेगळे असते, त्यामुळे दाब आणि वेगही बदलतात, आणि काही रायफलींत ती १०० मीटरवर कित्येक सेंटिमीटर दूर जाते. तेल जास्त असेल, विशेषतः काडतूस बसते त्या कोठीत किंवा तिच्या पुढच्या गळ्याशी साचलेले असेल, तर दाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो, म्हणून झाडण्यापूर्वी कोरडे फडके फिरवणे हा अचूकतेच्याही आधी सुरक्षेचा नियम आहे. कोरडी झाल्यावरही घासून पुसलेली नळी आणि तांब्या-काजळीचा पातळ थर बसलेली नळी एकसारखी वागत नाही. काही रायफली एका गोळीत स्थिरावतात, काहींना तीन-चार लागतात.

नेमबाजीहून परतल्यावर त्याच संध्याकाळी नळी धुऊन चकचकीत करायची, ही जुनी शिस्त ज्या काळात आली, त्या काळी तिला पक्के कारण होते. तेव्हाच्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून नळीत जे क्षार उरत, ते हवेतली ओल ओढून घेत आणि एका रात्रीत गंज चढवत. १९२० च्या दशकात गंज न आणणारे मिश्रण जर्मनीत बाजारात आले आणि नंतर हळूहळू सगळीकडे पसरले. आजच्या काडतुसांत ती भीती राहिलेली नाही, पण सवय राहिली आहे. माझा कल असा आहे की शिकारीच्या हंगामाआधी नळी एकदा नीट साफ करावी, मग काही गोळ्या झाडून तिला स्थिरावू द्यावे, आणि त्यानंतर हंगाम संपेपर्यंत आतून घासू नये. पाऊस लागला असेल किंवा हवा दमट असेल तर हा नियम मोडावा लागतो, कारण गंजाने झालेले नुकसान कायमचे असते. अशा वेळी साफ केल्यावर एक-दोन गोळ्या झाडून रायफल पुन्हा नेहमीच्या अवस्थेत आणावी. पावसात नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावण्याची पद्धत मात्र निर्धोकपणे पाळावी. गोळीच्या पुढे दाबली गेलेली हवा पट्टी आधीच फाडते, त्यामुळे नेमावर परिणाम होत नाही.

दस्त्याविषयी मला थोडे जास्त बोलावेसे वाटते, कारण पहिल्या गोळीचे निम्मे गूढ तिथेच असते. अक्रोडाचे लाकूड देखणे असते आणि हातात उबदार लागते, पण ते ओल शोषते आणि सोडते. लांबीच्या दिशेने त्यात जवळजवळ फरक पडत नाही. आडवे मात्र ते फुगते आणि आकसते. बाहेरून पॉलिश झालेले आणि नळीच्या खाचेत आतून कोरेच सोडलेले लाकूड एका बाजूने ओल घेते आणि दस्त्याचा पुढचा भाग कणभर वळतो. तो वळून नळीला टेकला की नळी बाजूला रेटली जाते. कोरड्या महिन्यात जुळवलेली रायफल ओल्या महिन्यात दुसरीकडे मारू लागते आणि मालक दुर्बिणीला दोष देतो. नळी आणि दस्ता यांच्यात कागद सहज सरकेल एवढी मोकळीक ठेवणे, यंत्रभाग बसतो ती जागा इपॉक्सीने पक्की भरून घेणे आणि खाचेचे लाकूड आतून बंद करणे, ही कामे बंदुका दुरुस्त करणारा कोणताही चांगला कारागीर करतो. सिंथेटिक दस्त्यात ओलीचा प्रश्न सुटतो, पण स्वस्त सिंथेटिक दस्त्याचा पुढचा भाग इतका लवचीक असतो की टेकू लावल्यावर तोच नळीला चिकटतो.

टेकूवरूनच पकडीचा प्रश्न येतो. गोळी नळीत असतानाच रायफल मागे सरू लागलेली असते. ११.७ ग्रॅमची गोळी आणि साडेतीन किलोंच्या आसपासची रायफल असेल, तर गोळी तोंडाबाहेर पडेपर्यंत रायफल सुमारे २ मिलिमीटर मागे आलेली असते, आणि त्या २ मिलिमीटरांत ती कशी उसळते हे तिला कशावर टेकले आहे आणि कोणी कसे धरले आहे, यावर ठरते. वाळूच्या पिशवीवर पुढचा भाग सैल ठेवून बाकावर जुळवलेली रायफल रानात झाडाच्या खोडाला नळीच टेकवून झाडली, तर गोळी टेकूपासून दूर फेकली जाते. पट्टा दंडाभोवती आवळून धरला तर मऊ दस्ता वाकतो आणि गोळी वेगळीकडे जाते. बाकावरच्या ग्रुपमध्ये हे दिसत नाही, कारण तिथे सगळ्या गोळ्या एकाच पकडीतून सुटलेल्या असतात. ज्या बैठकीतून जनावरावर गोळी झाडायची, त्याच बैठकीतून, त्याच काठ्यांच्या आधाराने कागदावर पहिली गोळी झाडून पाहिली पाहिजे. दुर्बीण बाकावर जुळवावी, विश्वास मात्र तिथे ठेवू नये.

तापमानाने काडतुसातल्या दारूच्या जळण्यावर परिणाम होतो, याची चर्चा फार होते. साध्या दारूत दर अंशामागे अर्ध्या मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास वेग बदलतो असे धरले आणि दुपार-पहाटेत ३० अंशांचा फरक मानला, तर ८०० मीटर प्रतिसेकंद वेगाची गोळी २०० मीटरवर जेमतेम दीड सेंटिमीटर खाली बसते. शिकारीच्या पल्ल्यात ही चिंता मागे ठेवता येते. डोळा दुर्बिणीच्या मध्यावर नसल्याने होणारी चूकही अशीच लहान आहे. १०० मीटरसाठी जुळवलेल्या, ४२ मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीत २०० मीटरवर ती फार तर २ सेंटिमीटर होते. सैल स्क्रू मात्र लहान बाब नाही. दुर्बिणीचे माऊंट आणि रिंगांचे स्क्रू टॉर्क मोजणाऱ्या पेचकसाने आवळलेले नसतील, तर वर लिहिलेले सारे व्यर्थ आहे.

आता माणसाकडे येतो. पहिली गोळी थंड नळीची असते, तशी ती थंड माणसाचीही असते. गाल दस्त्यावर नेमका कुठे टेकतो हे अजून बसलेले नसते, श्वास लयीत आलेला नसतो, बोटाला चापाचे वजन आठवावे लागते. याउलट त्या गोळीत एक चांगली गोष्टही असते: खांद्याला अजून धक्का बसलेला नसतो, त्यामुळे धक्क्याच्या धास्तीने डोळा मिटण्याची आणि खांदा पुढे रेटण्याची शक्यता कमी असते. कागदावरचे पहिले भोक बाजूला दिसले, तर दोष नळीचा की माणसाचा, हे ते भोक सांगत नाही. ते वेगळे काढण्याची एक पद्धत आहे आणि ती मला फार आवडते. आधी .२२ च्या हलक्या रायफलने माणसाने हात बसवून घ्यावा, आणि मग शिकारीची गार रायफल उचलून एक गोळी झाडावी. दुसऱ्या एखाद्या दिवशी काहीही न झाडता थेट तीच रायफल उचलावी. दोन्ही प्रकारच्या गोळ्या पुरेशा जमल्यावर त्या सारख्याच सरकलेल्या दिसल्या, तर कारण रायफलमध्ये आहे. फक्त दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या विखुरलेल्या दिसल्या, तर रायफलीच्या कारागिराकडे जाण्याचे कारण नाही; रिकाम्या रायफलीवर, कोठी पुन्हा पुन्हा तपासून, रोज थोडा वेळ चाप ओढण्याचा सराव करावा. चाप सुटल्यापासून टोपी पेटेपर्यंत काही मिलिसेकंद जातात आणि गोळी बाहेर पडायला त्यानंतर एक-दीड मिलिसेकंद लागतो. त्या अवधीत दुर्बिणीतली नेमाची फुली जिथे स्थिर राहिली, तिथेच गोळी जाते, आणि गोळीविना केलेल्या या सरावात धक्का नसल्यामुळे फुलीची ती हालचाल डोळ्यांना स्पष्ट दिसते. दुर्बिणीतली फुली चाप सुटतानाही हललेली नाही, हे पाहण्याचा आनंद मला प्रत्यक्ष गोळी झाडण्याइतकाच वाटतो.

या सगळ्यातून मी एक कागद ठेवू लागलो. रेंजवर गेल्यावर पहिली गोळी त्याच कागदावर, १०० मीटरवर, आणि रानातल्या बैठकीतून झाडायची. मग तो कागद काढून फाईलमध्ये ठेवायचा आणि उरलेला सराव दुसऱ्या कागदांवर करायचा. प्रत्येक भोकाशेजारी पेन्सिलीने तारीख, तापमान, नळी कोरडी की नुकती साफ केलेली, आणि टेकू कोणता, हे लिहायचे. एका गोळीचा ग्रुप होत नाही, हे खरे, पण वेगवेगळ्या दिवशींच्या पहिल्या गोळ्यांचा होतो, आणि तो नेहमीच्या ग्रुपहून मोठा असतो. त्यात ऋतू असतात, प्रवासातले हादरे असतात, माझी चांगली आणि वाईट झोप असते. तो पाहून वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. रानात रायफल आणि माणूस मिळून एवढेच करू शकतात, आणि ते आधी कळलेले बरे.

या कागदाचा खरा उपयोग पल्ला ठरवण्यासाठी आहे. त्यावरचे सर्वांत दूरचे भोक मध्यापासून ५ सेंटिमीटरवर आहे असे समजा. कोनाची चूक अंतराबरोबर त्याच प्रमाणात वाढते, म्हणून १६० मीटरवर तीच चूक ८ सेंटिमीटर होते, आणि हृदय-फुप्फुसांसाठी १६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ धरले तर त्याची कड तिथे गाठली जाते. त्यातून वाऱ्याचा वाटा अजून वजा करायचा आहे. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा .३०८ विंचेस्टर या काडतुसाच्या साधारण गोळीला २०० मीटरवर आठ ते दहा सेंटिमीटर बाजूला नेतो. म्हणजे या माणसाने, या रायफलीने, या आधाराने वाऱ्याच्या दिवशी १०० मीटरच्या पलीकडे चाप ओढू नये. काडतुसाच्या डब्यावर ३०० मीटरपर्यंतचे आकडे छापलेले असतात. ते आकडे गोळीच्या वाटेचे असतात, आणि गोळी तिथे पोहोचतेही. पण ती कुठे बसेल हे ठरवणारा कागद आपल्याजवळच असतो.

प्रत्येक बैठकीसाठी असा कागद वेगळा ठेवावा लागतो. तिकाटण्याच्या आधाराने बसून झाडलेल्या गोळ्या उभ्याने झाडलेल्या गोळ्यांत मिसळल्या, तर दोन्हींविषयीची माहिती हरवते. दुर्बीण काढून पुन्हा बसवली, रायफल हातून पडली किंवा काडतुसांचा नवा लॉट घेतला, की जुना कागद बाजूला ठेवून कोरा लावायचा. कोऱ्या कागदावरचे पहिले भोक अगदी मध्यावर बसले तरी त्यावरून काही ठरवता येत नाही, म्हणून भोके जमेपर्यंत पल्ला आखूड ठेवायचा आणि जनावर त्यापलीकडे असेल तर बोल्ट उघडून रायफल खाली घ्यायची.